हायब्रीडनं मोडलेली सोयरीक

माझं लग्न ज्वारीच्या कणसानं मोडलं. हुंडा, मानपान, पत्रिका, असलं चारचौघांसारखं कारण सांगायचीसुद्धा माझी सोय नाही!

आमचं गाव केजकडचं. दुष्काळाचं साल होतं आणि सोसायटीनं आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हायब्रीड ज्वारीच्या बियाण्याचा प्लॉट दिला होता. नराच्या ओळी एका जातीच्या, मादीच्या दुसऱ्या. शेतकी खात्याच्या साहेबानं बांधावर उभं राहून समजावलं, "दोन लांबच्या जाती एकत्र आणल्या, की लेकरू आईबापापेक्षा जोमदार निघतं." बस्स! तेव्हापासून आण्णा माणसांकडंही बियाण्याच्या नजरेनं बघायला लागले.

प्लॉटला पाणी मामाच्या विहिरीचं. शिवारात तेवढ्या एकाच विहिरीला पाणी उरलेलं. ज्वारी फुलोऱ्यात होती. अजून थोडं पाणी मिळालं तर बियाणं हाती लागणार, नाहीतर आमचीही बैलगाडी ऊसतोडीला जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नेमका तेव्हाच मामा सोयरीक घेऊन आला. भाच्याला पोरगी द्यायची ही आमच्याकडची रीत, आणि मामाची सुली लहानपणापासून माझ्याच नावची. आईनं हौसेनं चहा ठेवला.

"दाजी, औंदा बार उडवूनच टाकू!" मामा म्हणाला.

आण्णा उठले आणि साहेबानं नमुन्याला दिलेली दोन कणसं कोपऱ्यातून घेऊन आले, एक वीतभर, एक हातभर.

"पाव्हणं, हे कणीस बगा. घरातल्या घरात वाढलेलं. अन् हे हायब्रीड!"

"बरं, मंग?"

"आमच्यात चार पिढ्या मामाचीच पोरगी केली. निपजलं काय?" आण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "हे!"

मामानं मला खालून वर न्याहाळलं. (फार वेळ लागला नाही.)

"म्हंजी माझं बी खराब हाय?"

"खराब न्हाई वो, लई जवळचं हाय!"

मामा चहा न पिताच गेला आणि विहिरीवरचं इंजिन बंद झालं. पाट कोरडा पडला, ज्वारीची पानं वळायला लागली. आण्णा दिवसभर बांधावर बसून राहायचे, त्यांचं तोंड बघवत नव्हतं. आईनं तर त्यांच्याशी बोलणंच सोडलं. शेवटी ती मला म्हणाली, "तूच जा. मामाच्या पाया पड. म्हणावं, मला सुलीच करायची!"

गेलो. पडलो पाया. मामा लगेच विरघळला.

"ऊठ भाच्या! सुले, इंजिनाचं हँडल आण गं!"

सुली दारात आली, रिकाम्या हातानं.

"मी न्हाई करायची ह्याला."

"कावून?" मामा ओरडला.

"आण्णा आतोबा बोलले ते खरं हाय. मलाबी लांबचाच पायजे!"

"बघ बे, तुझ्या बापानं काय भरवलं पोरीच्या डोस्क्यात!" म्हणत मामानं मला वाटेला लावलं. इंजिन काही सुरू झालं नाही. प्लॉट उभा वाळला. आम्ही गाडीला बैल जुंपले आणि ऊसतोडीला गेलो. मला सुलीचं वाईट वाटत होतं आणि ज्वारीचं त्याहून जास्त.

परत आलो तर सुलीचं लग्न ठरलेलं. नवरदेव पार साताऱ्याकडचा! मांडवात भाचा म्हणून मला मानाचं काम मिळालं, वऱ्हाडाला पाणी देण्याचं. मामाच्याच विहिरीचं, हवं तेवढं! आणि नवरदेवाच्या हाती तांब्या द्यायला मला टाचा उंच कराव्या लागल्या.