पेंढ्यावर आडवी केलेली गाडी

शहापूरचा आमचा मेकॅनिक इंजिन चालू असताना एक शब्द बोलत नसे. मला तो शिष्टपणा वाटे. लांबच्या, खडबडीत वाटांसाठी मी नवी उंच मोटरसायकल घेणार होतो. ट्रायलला आणलेली ती गाडी त्याने भातसानगरपर्यंत फिरवून आणली, मग माझी जुनीही. इंजिन बंद करून म्हणाला, "नवी एक नंबर हाय."

मग गॅरेजमागच्या खळ्यात त्याने पेंढा पसरला आणि दोन्ही गाड्या अलगद आडव्या केल्या.

"उचला. एकट्यानं."

जुनी उठली. नवीशी मी तीनदा झटलो, पण ती उठली नाय म्हणजे नाय. शेवटी दोघांनी मिळून उभी केली.

"तुमी एकटंच फिरता ना?" एवढंच विचारून तो माझ्या जुन्या गाडीची चेन साफ करायला बसला.