दत्तूसाठी साखरप्याला जागा

डॉक्टरांनी दत्तूच्या छातीवरची तपासायची नळी काढली आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं. "मास्तर, ही खारी, दमट हवा त्याला मानवायची नाही," ते म्हणाले. "घाटाच्या पायथ्याला कुठेतरी उंचावर जागा बघा. पावसाळ्याच्या आत हलवा."

दत्तू माझा धाकटा भाऊ. चौदा वर्षं मुंबईच्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवत होता. दिवाळीनंतर आगबोटीने घरी आला, तो रुमालावर रक्ताचे डाग घेऊनच. त्याने लग्न केलेलं नाही, आम्हा नवरा-बायकोला मूल नाही. रत्नागिरीतलं घर विकायचं, डोंगराकडे छोटीशी जागा घ्यायची आणि तिघांनी तिथेच राहायचं, असं आम्ही जेवता जेवता ठरवलं. दत्तू म्हणाला, "दादा, पाण्याजवळची बघ हं. मला वाहतं पाणी ऐकायला आवडतं."

चैत्रात शाळेला सुट्टी लागली आणि मी एकटाच निघालो. जागा बघायची तर याच दिवसांत बघावी, हे मी कुणालाही सांगेन. श्रावणात कोकणातला कातळसुद्धा हिरवागार दिसतो आणि सगळ्याच विहिरी काठोकाठ असतात. खरं काय ते उन्हाळ्यात कळतं.

सर्व्हिस मोटार भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा सकाळची वेळ सांगितली असेल तर घरून न्याहारी करूनच निघावं. जमलं तर ड्रायव्हरशेजारची जागा धरावी, दोन आणे जास्त पडले तरी. मी कंजुषी करून मागे बसलो आणि पालीला उतरलो तेव्हा धोतर, टोपी, मिशा, सगळं धुळीने लाल झालेलं होतं.

पालीच्या बाजारात एका दुकानदाराची जागा विकायची होती. घर मजबूत, मागे आंब्याची सात झाडं, विहिरीला हातभर पाणी. डोंगर थोडा लांब पडत होता, पण मोटार दारात. मला पसंत पडली. त्याने कोकमाचं सरबत दिलं, चार गोष्टी झाल्या, आणि मी मास्तर माणूस, सरळ सांगून टाकलं की धाकट्या भावाला क्षय आहे, त्याच्यासाठी जागा हवी.

"आसं व्हय," तो म्हणाला. मग म्हणाला, "मास्तर, त्याचं काय हाय, ती जागा माजा भाचा मागतोय. त्याला आदी इचारायला हवं."

हा भाचा पाच मिनिटांपूर्वी जन्मालाही आला नव्हता. मी उठलो. चपला घालताना पाहिलं, तर मी प्यायलेला पेला त्याने चिमटीत धरून मागच्या दाराबाहेर ठेवला. मला तर साधी सर्दीही नव्हती! राग आला, पण त्याच्या घरातही लेकरं होती, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. धर्मशाळेत पडल्या पडल्या मी ठरवलं, यापुढे तोंड उघडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी साखरप्याला पोचलो. नाणीज मागे टाकलं की हवा बदलते, ती अंगाला कळते. समोर सह्याद्रीची भिंत उभी आणि आंबा घाटाचा रस्ता तिच्यावर चढत जाताना दिसतो. राहायला-जेवायला धर्मशाळा, खाणावळ वगैरे शोधू नये, ओळखीच्या चिठ्ठीवर घर उघडतं. माझ्याकडे एका खोतांच्या नावाची चिठ्ठी होती. त्यांनी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं आणि ऊन उतरल्यावर जागा दाखवायला नेलं.

काय सांगू त्या जागेचं! मागे डोंगर, पुढे उतार, दोन फणस, एक कोकमाचा रातांबा. वरच्या झऱ्याचं पाणी पोफळीच्या पन्हळीतून खाली येत होतं, चैत्रातसुद्धा मनगटाएवढी धार. मी डोळे मिटून दत्तूच्या वाटचे चार श्वास घेऊन पाहिले. इथे तो जगेल, असं मला अगदी मनापासून वाटलं.

"घरात मानसं किती?" खोतांनी विचारलं.

"मी आणि आमची मंडळी."

"दोगंच?"

"दोघंच."

जीभ अडखळली नाही. एकदा राहायला आलो की बघू, हळूहळू सांगू, असा माझा हिशेब.

पण खोत म्हणाले, "जागा तुमाला दिली आसती आताच. पन देवीला इचारल्याबिगर आमी नवीन मानूस वस्तीला ठेवत नाय. उद्या कौल लावू."

सकाळी देवळात गुरव होता, खोत होते, गावातली पाच-सहा जाणती माणसं होती. गुरवाने देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या. उजवीकडची आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर वाट धरायची. मग तो हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागला. "आई, ही लेकरं तुज्या पायाशी ऱ्हायला येतायत. त्यांच्या दुखन्याभान्याला, आडीअडचनीला तू उबी ऱ्हा..." त्याने माझं नाव विचारलं, मी सांगितलं. बायकोचं विचारलं, सांगितलं. प्रत्येक नावाला सगळे म्हणत होते, "व्हय म्हाराजा!"

गुरव माझ्याकडे वळला. "आनी कोन?"

दत्तूचं नाव ओठांवर आलं होतं. मी त्या माणसांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला तो पेला दिसला.

"आणखी कोणी नाही," मी म्हणालो.

उजवी कळी टपकन पडली. नारळ फुटला, माझ्या हातावर खोबरं आलं, खोतांनी पाठ थोपटली. मी ते खोबरं न खाता खिशात टाकलं. भित्रा म्हणतात तो मीच.

परतीच्या मोटारीत ड्रायव्हरशेजारी बसलो. घरी आलो तर दत्तू ओटीवर वाटच बघत होता. मी पन्हळीचं, फणसांचं, हवेचं इतकं वर्णन केलं की त्याच्या गालांवर रंग चढला. मग मी कौल उजवा लागल्याचं सांगितलं.

"गाऱ्हाण्यात माझं नाव घेतलंस ना?" त्याने विचारलं.

चाळीस वर्षांत मी त्याच्याशी खोटं बोललो नव्हतो. तेव्हाही जमलं नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "मग मी कसा येऊ, दादा? ज्या देवीला आणि ज्या गावाला मी आहे हेच माहीत नाही, तिथे लपून खोकायचं?" मी म्हणालो, उद्याच परत जातो, तुझं नाव सांगतो. तो हसला. "आता सांगशील तर तू खोटा पडशील आणि जागाही जाईल. राहू दे."

मी पुष्कळ समजावलं, हिने डोळ्यांत पाणी आणलं. तो हलला नाही. खोतांची दोन कार्डं आली, ती मी उत्तर न देता पंचांगात ठेवून दिली.

आषाढात दत्तू गेला, याच दमट घरात. जागा बघायला जाणाऱ्यांना मी आजही पाणी, रस्ता, सावली सगळं सांगतो, पण गाऱ्हाण्यात घरातल्या सगळ्यांची नावं घ्या, हे सांगायला हवं तेवढं मात्र सांगत नाही. त्याच्या दहाव्याला भटजींनी पिंड मांडले आणि गेलेल्याचं नाव विचारलं. मी ते इतक्या मोठ्याने सांगितलं की भटजी दचकले आणि म्हणाले, "मास्तर, हळू. ऐकू आलं मला."