विमानातले जुने प्रोसेसर आणि माझा जोडीदार

मित्रांनो, आज मनाला फार लागलंय, म्हणून लिहून राह्यलो.

मी जालन्यात एका बियाण्याच्या शीतगृहात मशिनी सांभाळतो. तिथलं थंडी राखणारं कंट्रोल पॅनल जुनं आहे, पण त्यानं कधी दगा दिला न्हाई. थंडी गेली तर बियाणं खराब होतं. आज दुपारी ते पॅनल बदलायची मीटिंग होती. मी आणि माझा कामातला जोडीदार संतोष, दोघांनी मिळून विरोध करायचा ठरवलं होतं.

मुद्दाही त्याचाच. "विमानात अजून जुनेच प्रोसेसर असतात भाऊ," तो मला म्हणाला होता. "इतकी वर्षं वापरून त्यांच्या खोडी माहीत झालेल्या असतात. नवीन बसवला की सगळी तपासणी पहिल्यापासून. आभाळात मशीन बंद करून परत चालू करता येतं का?"

मीटिंगमध्ये मी हेच सांगितलं. साहेब हसले. "आपल्याला काय विमान उडवायचंय?"

मी संतोषकडं पाह्यलं. तो साहेबांपेक्षा जोरात हसला. "मी याला केव्हाचं सांगून राह्यलो सर, जुनं धरून बसू नको."

पॅनल बदलायचं पक्कं झालं. नवीन चांगलंही निघेल, मला न्हाई माहीत.

बाहेर आल्यावर विचारलं, "असं का केलंस?"

"साहेबांचा मूड पाह्यला न्हाई का? मनावर घेऊ नको, चल चहा पिऊ."

मी गेलो न्हाई. उद्या आम्हा दोघांनाच ते पॅनल उतरवायचंय. तुम्ही असता तर त्याच्याशी काय बोलला असता?