जिना चढणारा मुलगा

आयुष्यात मी एकच भूत तयार केलं, आणि तेही ऑर्डरप्रमाणे. मापं घेतली, शिशाच्या पट्ट्यांत बसवलं आणि भर दुपारी शिडीवर चढून एका भल्या घरात लावून आले.

माझा धंदा रंगीत काचांच्या खिडक्यांचा. वडील कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीवर कस्टममध्ये होते. ते पाहुण्यांना सांगायचे, "लोकांच्या मुली काचा फोडतात, आमचीनं जोडायचं दुकान काढलंय." त्यावर आईचा टोला ठरलेला, "आणि लग्नाचं विचारलं की भट्टीचं तापमान सांगते."

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बागबाजारातल्या एका जुन्या घरातून बोलावणं आलं. घरात दोघंच, म्हातारा-म्हातारी. बंगाली रिवाजाप्रमाणे मी त्यांना मेशोमशाय आणि माशीमा म्हणायचे, म्हणजे काका आणि मावशी, आणि माशीमा मला लेकीसारखं 'मा' म्हणायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा काही वर्षांपूर्वी संध्याकाळी "येतो" म्हणून बाहेर पडला होता. नक्षलवादी चळवळीच्या त्या दिवसांत तिकडची बरीच मुलं अशीच बाहेर पडली. काहींची प्रेतं तरी मिळाली. याचं काहीच मिळालं नाही. आता त्याचं चित्र जिन्याच्या वळणावरच्या पश्चिमेच्या खिडकीत हवं होतं.

"हात जोडलेले दाखव," मेशोमशाय म्हणाले. "खाली दोन्ही सालं घाल, जन्माचं आणि शेवटचं."

"दोन्ही कसली?" माशीमा स्वयंपाकघरातून तरातरा आल्या. "पायात चपला दाखव, मा. एक पाय पायरीवर. तो घरी येतोय."

"या महालयाला मी त्याचं तर्पण करणार आहे."

"करा की! गंगेत उभेच राहणार आहात, तर लगे हात स्वतःचंही उरकून घ्या."

मी फस्सकन हसले. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईनं खिडकीची उंची मोजायला लागले. उंची मी आधीच मोजली होती. घरी येऊन कागदावर चपला काढल्या. सालं काढली नाहीत. मेशोमशायना म्हटलं, आकडे काचेवर नीट उठत नाहीत. धादांत थाप!

चेहरा फोटोवरून रंगवला. काचेवर रंगवायचा रंग म्हणजे लोखंडाचा गंज आणि काचेची पूड. भट्टीत तो काचेत मुरला तर शंभर वर्षं हलत नाही. कच्चा राहिला तर ओल्या बोटानंही निघतो. माझी भट्टी विजेवर चालायची, आणि वीज कलकत्त्याची! भट्टी रंगात आली की लोडशेडिंग. दर वेळी तेच. चेहरा दिसायला सुरेख उतरला, पण मुरला नव्हता. महालया, म्हणजे सर्वपित्री अमावास्या, तोंडावर आलेली आणि मेशोमशाय थांबायला तयार नव्हते. "आत्ता लावून टाक," म्हणाले. मी लावला आणि दोघांना बजावलं, "ओलं फडकं लावायचं नाही. दुर्गापूजा झाली की तुकडा काढून पुन्हा भाजून देते."

शिडी आवरेपर्यंत ऊन उतरायला लागलं. माशीमा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. खिडकीतून मुलाचा रंग वळणावरच्या फरशीवर पडला: निळा शर्ट, खाली चपलांचे दोन तपकिरी ठिपके. सूर्य खाली जाईल तसा तो पुढे सरकला. पहिली पायरी चढला. मग दुसरी. चढताना पायऱ्यांच्या कडांवर मोडत होता, पुन्हा सरळ होत होता, अगदी थकून आलेल्या माणसासारखा. मी ही गोष्ट पुढे किती बैठकांत रंगवून सांगितली, त्या वेळी मात्र हातातली शिडी हळूच खाली ठेवली. तो माशीमांच्या गुडघ्यांपर्यंत आला, आणि सूर्य समोरच्या गच्चीमागे गेला. पायऱ्या रिकाम्या झाल्या.

"कपाळावर घाम होता बघ," माशीमा म्हणाल्या. "केवढं लांबून यायचं."

दुसऱ्या दिवशी मेशोमशायचा निरोप आला: लगेच ये. जाऊन बघते तो खिडकीत मुलगा उभा, चपला, शर्ट, केस, सगळं जागच्या जागी, आणि चेहऱ्याच्या जागी कोरी, गुलाबी काच. माशीमांनी सकाळी स्टुलावर चढून, पदराचं टोक भिजवून त्याचा घाम पुसला होता.

ओळखीच्या एका कारखान्यात जनरेटर होता, तिथे जाऊन मी दुसरा चेहरा भाजला. पक्का. तो घेऊन गेले, तर माशीमांनी उजेडात धरून बघितला आणि माझ्या हातात परत दिला.

"नको, मा. इतक्या वर्षांत गाल बसले असतील, दाढी आली असेल. याच चेहऱ्याची वाट बघत बसले, तर खरा आला तेव्हा दारातूनच परत पाठवेन मी त्याला."

मी मेशोमशायकडे बघितलं. ते खिडकीतल्या कोऱ्या काचेकडे बघत होते. महालयाच्या पहाटे सगळं बागबाजार तर्पणाला घाटावर गेलं, ते तेवढे गेले नाहीत, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं.

पूजा झाल्यावर एका संध्याकाळी मी उगाचच तिकडे डोकावले. वरच्या पायरीवर आता दोघं बसले होते, आणि मेशोमशायच्या पायांनी सगळी पायरी अडवली होती. निळा शर्ट एकेक पायरी चढत वर आला. त्यांच्या पायांपाशी पोचला, तेव्हा त्यांनी दोन्ही पाय बाजूला घेतले आणि त्याला वाट दिली.