नाव, गाव, तालुका, फोटो

आमच्या दाजींइतक्या सावकाश माणसाने पळत्या जगाचे फोटो काढायचे ठरवावे, याहून मोठा विनोद सातारा जिल्ह्यात झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साताऱ्याच्या कचेरीतली कायमची कारकुनी सोडून, महायुद्ध संपले त्या वर्षी ते सांगलीच्या एका साप्ताहिकासाठी फोटो काढायला निघाले. अक्काने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिनेच जुन्या लुगड्याची पिशवी कॅमेऱ्याला शिवून दिली.

कचेरी सुटली, सवयी सुटल्या नाहीत. समोरच्या माणसाचे नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका वहीत उतरवल्याशिवाय दाजींचे बोट खटक्यावर जात नसे. कराडला बेंदराच्या मिरवणुकीत त्यांनी एका सजवलेल्या बैलाच्या मालकाला असेच अडवले. "आवं, आमी थांबतो, पर बैल थांबाय नगं?" असे तो म्हणेतो बैल वेशीपार झाला. फोटोत मालक ताठ उभा, हातात नुसता कासरा. संपादक म्हणाले, "बैल पुढच्या अंकात का?" आणि मग गंभीर होऊन, "फौजेतली मुले परत येताहेत. गाडीतून उतरणाऱ्या शिपायाचा एक फोटो आणा, नाहीतर आपले जमायचे नाही."

दाजी कराड स्टेशनवर जाऊन उभे राहिले. नाव-गाव विचारल्यावर प्रत्येक शिपाई कवायतीसारखा ताठ होई. असे सात फोटो वाया गेले, रोलात एकच उरला. समोर गळामिठ्या पडत होत्या. तेवढ्यात उंब्रजच्या एका म्हातारीने त्यांची बाही धरली. तिचा मुलगा उतरला नव्हता, वर्षभर पत्रही नव्हते. "माझा फोटू काड रं बाबा. त्याला धाडायचाय. आय वाट बगती म्हनावं."

दाजींनी मुलाचे नाव आणि पलटण लिहून घेतली, आणि शेवटचा फोटो तिचा काढला.

"यात बातमी कुठे आहे?" संपादकांनी विचारले.

"बातमी गाडीतून उतरलीच नाही," दाजी म्हणाले.

फोटो पहिल्या पानावर आला. दाजींचे काम टिकले. पलटणीला धाडलेली प्रत मात्र, माणसाचा पत्ता लागत नाही, असा शेरा घेऊन परत आली. म्हातारीची प्रत द्यायला दाजी उंब्रजला गेले, तेव्हा तिने विचारले, "पोचला का रं त्याला?"

"पोचला," दाजी म्हणाले. मला हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

पुढे ती होती तोवर दरवर्षी ते तिचा नवा फोटो काढत, मुलाला धाडतो म्हणून सांगत. ते सगळे अक्काच्या पेटीत आहेत. पाहिले की दाजींची फार आठवण येते. प्रत्येक फोटोत म्हातारी थोडी अधिक थकलेली आहे, आणि थोडी अधिक हसरी.