एक सरी सोडून

कुंडलच्या शिवारात, कृष्णेच्या पाटाला लागून मनुबाईचं उसाचं रान होतं. नवरा जोतिबा लढाईवर, ब्रह्मदेशाकडं. घरात ती आणि म्हातारा सासरा गुंडा. पाटाच्या पाण्याची पाळी आली की गुंडा सगळं रान तुडुंब भरून घ्यायचा. मिळतंय ते पाणी सोडायचं कशाला?

त्या साली खालच्या अंगाला जमिनीवर मीठ फुटलं, ऊस पिवळा पडला. मनुबाईनं खुरप्यानं कोपरभर उकरलं, तर खड्ड्यात पाणी साचलं. रान पाण्यानंच मरायला लागलं होतं.

"आवं मामंजी, पुढच्या पाळीला एक सरी सोडून एक भिजवू. आन् खालनं वढ्यापतोर चर काढू."

"येडी का काय! चैताचं ऊन हाय. ऊस वाळला तर पोराला काय तोंड दावू? आन् पाणी न्हाई म्हटल्यावर पाटकरी पुन्यांदा दील व्हय?"

पाळीचं पाणी सोडणाऱ्या पाटकरी अर्जुनानंही तेच बजावलं, "आज सोडलंस तर उद्या वरडू नगंस."

तरी तिनं निम्म्या सऱ्यांची तोंडं मातीनं बुजवली. वाचलेलं पाणी खाली शेजारीण धोंडुबाईच्या मिरचीला गेलं. तिच्या रानापर्यंत पाट क्वचितच पोचायचा.

मग घोर लागला. दुपारी उसाच्या पानांची सुरळी व्हायची, अन् मनुबाई भाकरी तशीच ठेवून बांधावर बसायची. गुंडानं बोलणं टाकलं. एक दिवस त्यानं बुजवलेली सरी पायानं उकरली. तिनं त्याच्यासमोरच ती पुन्हा बुजवली.

चर एकटीच्यानं निघेना. धोंडुबाई कुदळ घेऊन आली. दोघींनी तो ओढ्याला नेऊन भिडवला, तेव्हा गढूळ, खारट पाणी झिरपायला लागलं. अर्जुनानं पाळी चुकवली नाही. तरी दर खेपेला पाटाकडं बघताना तिचा जीव टांगणीला लागायचा.

पावसाच्या तोंडाला वरचा ऊस हिरवागार झाला. खालचा तुकडा मात्र गेला तो गेलाच.

लढाई संपल्यावर जोतिबा परतला. रान बघत बघत तो त्या पांढऱ्या तुकड्याशी थांबला.

"आबा, ह्ये काय झालं?"

मनुबाई मान खाली घालून उभी राहिली.

"जादा पाण्यानं गेलं रं. माज्या हातनं," गुंडा म्हणाला. "वरचं हिनं राखलं."

जोतिबानं फौजी बूट काढले आणि तो गाळानं भरत आलेल्या चरात उतरला.