जंगलाचे सात तुकडे

भट्टीवाल्या काकांनी स्टुडिओतल्या नव्या यंत्रांवर बादलीभर पाणी ओतलं, म्हणून त्यांना घरी बसवलं, ही बातमी काकांच्या इमारतीत तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी दुपारच्या चहापर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचवली होती. चौथ्या मजल्यावर जाईस्तोवर बादलीचं पिंप झालं. खरं सांगायचं तर काकांनी पाण्याचा थेंबही सांडला नव्हता. त्यांनी केलं ते याच्या अगदी उलट, आणि ते सांगून कुणाला पटलंही नसतं.

काका सिनेमाच्या स्टुडिओत कामाला. कलाकारांनी संगणकावर रचलेल्या दृश्यातला उजेड, सावल्या, सगळं मोजून पडद्यावरचं चित्र काढायचं, हे काम ज्या तीनशे यंत्रांकडे होतं ती खोली काकांच्या ताब्यात. तब्बल सव्वीस वर्षं. एकेक चित्र पाच-पाच तास शिजायचं, आणि पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी चोवीस चित्रं लागायची. खोली इतकी तापायची की तिचं नावच भट्टी पडलं. काकांनी यंत्रांना नावं ठेवली होती: रडकी, मास्तर, थोरली जाऊ. पाठीवर तळहात टेकला की आज कोण कुरकुरणार ते त्यांना कळायचं. "घरात कुणी तापलं तर मात्र यांना थर्मामीटर लागतो," असं त्यांची बायको म्हणायची. ती गेल्यावर काका महिनाभर भट्टीतून वेळेवर घरी आले नाहीत. तिथे निदान यंत्रांचे पंखे तरी घुमत असायचे.

आणि त्याच भट्टीवर त्यांची लेक चालून आली. तीही त्याच स्टुडिओत. साहेबांनी तिला ग्राफिक्स कार्डांची चार यंत्रं आणून दिली आणि म्हणाले, ही भट्टीची जागा घेतात का बघ. साधं दृश्य घेतलं. भट्टीला पाच तास, कार्डांना अकरा मिनिटं.

"घड्याळ बिघडलंय तुझं," काका म्हणाले.

पण जंगलाचं दृश्य आलं आणि कार्डांनी मान टाकली. लाखो पानं, त्यातलं प्रत्येक वेगळं. कार्डं चपळ खरी, पण त्यांची मेमरी तोकडी. एवढं जंगल पोटात मावेना. भट्टीतली यंत्रं संथ, पण अख्खं जंगल गिळून निवांत बसायची. साहेबांनी सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत जंगल निघालं नाही तर कार्डं परत. भट्टी चालू."

भट्टी वाचवायला काकांनी फक्त गप्प बसायचं होतं. बुधवारपर्यंत बसलेही. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, तर लेक डबा न उघडता बसलेली.

"जेव आधी."

"बाबा, नववा प्रयत्न. परत बंद पडलं."

"अख्खं जंगल कशाला कोंबतेस? कापून घाल. लांबची झाडं वेगळी, जवळची वेगळी. चित्रं नंतर एकमेकांवर बसव."

"केलं ते. सावल्या जुळत नाहीत."

"कारण बाकीची झाडं तू उपटूनच टाकतेस. त्यांच्या जागी नुसते ओबडधोबड गोळे ठेव, न दिसणारे, सावलीपुरते. तिथली पानं कोण मोजतंय! भट्टी नवी होती तेव्हा तिचंही पोट एवढंसंच होतं. सात तुकडे करायचो मी."

लेकीने डबा बाजूला सारला. "हे जमलं तर भट्टी जाईल, बाबा. कळतंय ना?"

"कळतंय गं. तू जेव."

शुक्रवारी दुपारी जंगल निघालं. पानन् पान. साहेबांनी लेकीची पाठ थोपटली. तिला धड हसताही येईना.

सोमवारी यंत्रं बंद करायला माणूस आला. काकांनी त्याला दारातच उभं केलं आणि एकेक रांग स्वतः बंद केली. मास्तर, मग रडकी. थोरली जाऊ सगळ्यात शेवटी. पंखे थांबले, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत काकांना स्वतःचा खोकला ऐकू आला. बाहेर येऊन ते सवयीने कुलूप लावायला लागले, तर शिपाई म्हणाला, "राहू द्या काका, आत काय आहे आता?"

काकांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

दोन दिवसांनी शिंपीणबाईंनी त्यांना जिन्यात गाठलंच. "काय हो काका, पोटच्या लेकीनेच म्हणे तुमची भट्टी विझवली?"

"तिला कुठे जमत होतं, बाई," काका म्हणाले. "जंगल मी कापून दिलं."